कूलरच्या टबातली पुळण

बाबांना आता कायमचं दिल्लीत ठेवून घ्यायचं हे मी ठरवलं, तेव्हा माझ्याकडे दोन फोटो होते. पहिला आमच्या गावच्या घराचा, आदल्या वर्षी वैशाखात माझ्या नवऱ्याने संध्याकाळी काढलेला. अंगणापुढे चार माड, माडांपुढे रुंद पुळण, आणि ती सगळी वाळू संपल्यावर कुठेतरी लांब समुद्र, साडीच्या काठाएवढा. दुसरा फोटो चुलतभावाने आषाढात मोबाइलवर पाठवला होता. घर तेच, पण पाणी पहिल्या माडाच्या मुळाशी, एक माड आडवा पडलेला आणि अंगणात फेस. खाली त्याने लिहिलं होतं, ‘ताई, यंदा जोर आहे.’

सेक्टरच्या मार्केटमधल्या झेरॉक्सवाल्याकडून मी ते दोन्ही फोटो एका कागदावर शेजारीशेजारी छापून घेतले. लाल पेनाने पाण्याची रेघ ओढली. एकाखाली ‘पूर्वी’ लिहिलं, दुसऱ्याखाली ‘आता’. सरकारी नोकरीत टिपणीला जोडपत्र लावायची सवय लागते. त्याच सवयीने तो कागद मी बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

ते ज्येष्ठात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आले होते. नारळी पौर्णिमेला घरी असायचं हे त्यांनी येतानाच सांगितलं होतं. कागद त्यांनी आधी लांब धरला, मग जवळ. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून दुसरा डोळा मिटून पाहिला. मी म्हटलं, “बाबा, समुद्र दारात आलाय. आता तिथे एकट्याने राहायचं नाही.”

फोटो कधी काढला, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, याच आठवड्यात. त्यांनी कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

“बरं,” ते म्हणाले. “राहतो.”

इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय आहे, तर मी काही नाही म्हटलं.

मला भीती कशाची होती ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आई गेली ती श्रावणात. घाटात दरड कोसळली होती, गाड्या बंद होत्या, आणि मी घरी पोचले ती तिसऱ्या दिवशी. सगळं उरकलेलं होतं. बाबा अंगणात बसले होते. मला पाहून त्यांनी तक्रार केली नाही. “दमली असशील, हातपाय धू,” म्हणाले. तेव्हापासून टीव्हीवर कोकणातल्या पावसाची बातमी लागली की माझा हात आपोआप फोनकडे जायचा. बाबांच्या बाबतीत मला तिसऱ्या दिवशी पोचायचं नव्हतं.

आणि मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे, हेही होतं. बाबा खाडीच्या मुखाशी तर, म्हणजे माणसं पलीकडे पोचवणारी होडी, चालवायचे. आमची वाडी खाडीच्या अलीकडे, हायस्कूल आणि कॉलेज पलीकडे, तालुक्याच्या गावात. दहावीच्या पुढे शिकलेली आमच्या घरातली मी पहिली. सकाळी बाबा मला होडीतून पलीकडे सोडायचे आणि संध्याकाळी धक्क्यावर उभे असायचे. खाडीच्या तोंडाशी वाळू एका जागी कधीच राहत नाही. पाऊस संपला की ते ओहोटीला लांब बांबू घेऊन निघायचे आणि टोचून टोचून बघायचे, यंदा वाळूचा पट्टा कुठे बसलाय. मग वर्षभर होडी त्या हिशेबाने वळायची.

बी. ए.ला भूगोल होता. ‘सागरी लाटांचे कार्य : क्षरण, वहन आणि संचयन.’ होडीत बसून मी मोठ्याने पाठ करत होते. बाबांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, लाटा किनारा झिजवतात, झिजलेलं वाहून नेतात आणि दुसरीकडे साठवतात.

“म्हणजे नेतो नि आणतो,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, पेपरात असं लिहिलेलं चालत नाही. त्यांना ते पटलं. “तू बरोबर ते लिही. मी वल्हवतो.”

ते उत्तर आमच्या सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. याच सरांनी मला दिल्लीच्या नोकरीच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला, तो कसा भरायचा तेही शेजारी बसून दाखवलं. आज माझ्या टेबलावर माझ्या हुद्द्याची पाटी आहे. ती पुसताना मला ते सर आठवतात, आणि ओल्या लेंग्यात धक्क्यावर उभे असलेले बाबा.

तर बाबा राहिले. पहिले काही आठवडे बरे गेले. स्वयंपाकघरात मी दिनदर्शिका लावली होती, तिच्यासमोर ते रोज सकाळी उभे राहायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा त्यांचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुपारी तीनच्या सुमाराला, बाहेर कडुलिंबावर पोपट ओरडत असताना, ते सहज म्हणायचे की आता पाणी धक्क्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं असेल. माझी मुलगी सातवीत आहे, दिल्लीतच वाढली. पुळण, उधाण, भांग हे शब्द तिला माहीत नव्हते. आजोबांनी सांगितलं, अवस-पुनवेला पाणी फार चढतं आणि फार उतरतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास ते थोडंच हलतं तो भांग. तिने लगेच बापाच्या केसांकडे बघून विचारलं, म्हणजे पपांचा भांगपण हळूहळू मागे जातोय ना. नवरा नागपूरचा. तो म्हणाला, आमच्या फुटाळा तलावाला लाटा असत्या तर मीही चार गोष्टी सांगितल्या असत्या, आता हसा माझ्या टकलावर.

खालच्या पार्कात निवृत्त मंडळी बसतात. बाबांनी त्यांच्या तोडक्यामोडक्या हिंदीत एकदा समजावलं की समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. रोहतककडचे एक आजोबा गंभीरपणे म्हणाले, “अच्छा, हमारे नल की तरह.” बाबा जिन्यातूनच हसत वर आले. यांच्या नळाला भरती-ओहोटी आहे, असं ते दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

नारळी पौर्णिमेला मी नारळीभात केला. ते जेवले, चांगला झालाय म्हणाले. नंतर बाल्कनीत जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत.

भाद्रपदात मला एक गोष्ट दिसली. दिनदर्शिकेचं पान उलटलेलं नव्हतं. महिना बदलून आठवडा झाला होता. पान उलटायचं काम बाबा करायचे, म्हणून आम्ही कोणी तिकडे पाहिलंच नव्हतं. मी पान उलटलं आणि त्यांना विचारलं, आज भरती किती वाजता. ते म्हणाले, “कशाला, बाय? इथे काय करायचंय त्याचं.”

रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचं बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. पार्कात जायचं टाळायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. नवरा एकदा ऑफिसच्या कॅबची वाट बघताना मला हळूच म्हणाला, की बाबांना आजार नाहीये, तुला कळतंय ना. मी म्हटलं, मग काय पाण्यात राहायला पाठवू? तो विषय मी पुन्हा निघू दिला नाही.

मग मुलीच्या शाळेतून प्रोजेक्ट आलं : किनाऱ्याची भूरूपं, मॉडेलसह. नवऱ्याचं म्हणणं, करोल बागेत तयार मॉडेल मिळतात, थर्माकोलची, रविवारी आणू. बाबा सोफ्यावर बसले होते. ते नातीला म्हणाले, “थर्माकोलचा समुद्र हलणार कसा गं?” कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी लगेच सांगितलं, करोल बाग नको, घरीच करा.

ऑक्टोबर लागला होता, म्हणजे दिल्लीत कूलर उतरवायचे दिवस. आमच्या कूलरचा खालचा प्लास्टिकचा टब सुटा होतो. तो घासून बाल्कनीत ठेवला. जिन्याच्या दुरुस्तीसाठी खाली रेती पडली होती, ती मिस्त्रीकडून दोन बादल्या मागून आणली. पण ती यमुनेची, पिठासारखी. पाण्यात हात घातला की सगळा टब डाळीच्या पाण्यासारखा व्हायचा. बाबा नाराज. दुसऱ्या दिवशी ते स्वतः खाली गेले आणि मिस्त्रीला म्हणाले, “भैया, ये बहुत बारीक है, समुद्र का मोटा होता है.” मिस्त्री काय समजला देव जाणे, पण त्याने बदरपूरची रेती दिली, तांबूस, खरखरीत. ती लाटेखाली नीट बसली.

रविवारी सकाळी आम्ही सगळे बाल्कनीत. टबाच्या एका बाजूला बाबांनी वाळूचा उतार केला, वर आगपेटीचं घर, त्यापुढे कोथिंबिरीच्या काड्या मुळांसकट रोवल्या. ती मर्यादवेल, त्यांनी नातीला सांगितलं. वाळूवर पसरते, वाळू धरून ठेवते, तिला कोणी उपटायचं नाही. लाटा करायला भाजी चिरायची फळी होती. मुलीच्या हातात फळी देऊन ते म्हणाले, “हा आषाढ. जोरात, दम न घेता.”

तिने दणादण पाणी ढकललं. उतार बघता बघता खचला, वाळू आत गेली, एक कोथिंबीर आडवी झाली आणि पाणी आगपेटीला लागलं. मुलगी म्हणाली, “घर गया.” बाबांनी तिला थांबवलं. पाणी निवळल्यावर बोट दाखवलं. खचलेली वाळू नाहीशी झाली नव्हती. थोडी आत, पाण्याखाली, तिचा एक लांबट उंचवटा झाला होता. असाच पट्टा समुद्रात बसतो, ते म्हणाले, माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला की पायाला लागतो. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा त्याच्यावर आधीच फुटतात, दमतात. समुद्र किनाऱ्याचीच वाळू घेतो आणि किनाऱ्यासमोर आडवी ठेवतो.

“आता कार्तिक. हळू. लाट आली, की तिला परत जायला वेळ द्यायचा.”

फळी हळूहळू हलायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मुलीचा हात दुखला तेव्हा नवऱ्याने फळी घेतली, आणि नागपूरच्या माणसाला शेवटी समुद्र मिळाला असं म्हणाला. उंचवट्यावरची वाळू कण कण करून वर सरकत होती. आगपेटीपुढे पुन्हा एक छोटी पुळण तयार झाली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते आणि मला तो खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

मुलीने विचारलं, “पण आजोबा, मम्माच्या फोटोत तर समुद्राने सगळं खाल्लंय. ते परत का नाही आलं?”

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “तो फोटो आषाढातला आहे ना. अवसेचं उधाण, भर भरती. आणि दुसरा वैशाखातला, पुरी ओहोटी. उपाशी पोट आणि जेवलेलं पोट शेजारी ठेवून माणूस किती सुटला ते मोजायचं नसतं.”

नवरा हसला आणि माझं तोंड बघून पुन्हा फळी हलवायला लागला.

संचयन. तीन शब्दांतला शेवटचा. उभ्या वर्गासमोर सरांनी वाचून दाखवलेलं उत्तर, आणि वेळ आली तेव्हा मी क्षरणापाशीच थांबले होते. समुद्राच्या वर्षाचे दोन टोकांचे दिवस उचलून मी त्यांच्याखाली ‘पूर्वी’ आणि ‘आता’ लिहिलं होतं. आणि हे कुणाला दाखवलं, तर ज्यांनी तीस वर्षं बांबूने वाळू टोचून बघितली त्यांना.

मी ट्रे ठेवला. “तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?”

“फोटोत कळण्यासारखंच होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी हात टबातल्या पाण्यात धुतले, सदऱ्याला पुसले. “तू एवढी रेघ-बिघ मारून आणलं होतंस. मला वाटलं, मी इथे असावं असं हिला फारच वाटतंय. ते बरं वाटलं मला. म्हटलं, राहून बघू.”

“आणि?”

“बघितलं की.”

मुलगी तोपर्यंत आगपेटीच्या बाजूला विटेचा तुकडा ठेवत होती. बाबांनी तिला तो उभा, पाण्याच्या कडेला लावायला सांगितला, आणि फळी पुन्हा चालवायला लावली. लाट विटेवर आपटून मागे फिरायची आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जायची. थोड्या वेळाने विटेच्या टोकाशी, आगपेटीच्या बाजूला, एक खळगा पडला. हा शेजारच्या वाडीचा बंधारा, बाबा म्हणाले. त्यांचं चुकलं असंही नाही, त्यांची घरं वाचली. पण लाटेला दमायला मऊ जागा लागते, ती तिथे राहिली नाही, म्हणून ती आमच्याकडे येऊन दमते. मग ते मला म्हणाले, “तुझा कागद सगळाच खोटा नाही, बाय. पूर्वी नेलेलं सगळं परत यायचं. आता थोडं कमी येतं.”

त्यांनी ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्यांच्या बाजूने बोलणारा टब समोर होता. पण त्यांनी सांगितलं, आणि त्यामुळेच मी रडले. नवऱ्याने मुलीला काहीतरी आणायला म्हणून आत पाठवलं.

त्याच आठवड्यात बाबांनी चुलतभावाला फोन लावला आणि साहेबासारखा हुकूम सोडला. कोजागिरीला, ओहोटी पुरी झाल्यावर, विहिरीच्या कठड्याला पाठ लावून फोटो काढायचा. तिथेच उभं राहून, जिथून वैशाखातला काढला होता. तिकडून भाऊ म्हणाला असावा की काका, मसाला दूध सोडून हे काय. बाबा म्हणाले, ओहोटी दूध आटवायच्या आधी होते, तू जा.

फोटो आला. पडलेला माड तसाच होता, त्याच्या शेंड्यापर्यंत वाळू चढली होती. बाकीचे तिन्ही माड उभे, आणि त्यांच्यापुढे पुळण. वैशाखाएवढी नाही, पण पुळण. बाबांनी तो मोठा करून मर्यादवेलीची कोवळी पानं शोधली. अजून महिनाभर समुद्र वाळू देत राहील, असं ते म्हणाले.

मी विचारलं, घराला किती वर्षं. त्यांनी खांदे उडवले. ते त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखं त्यांनी दाखवलंही नाही. मग बहुधा बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलले. “चार महिने तो अंगणात येतो, ते चार महिने मी तुझ्याकडे येतो. तो मागे सरला की मला जाऊ दे. झोपायची खाट मागच्या खोलीत हलवतो. पुढच्या पडवीत नाही झोपणार.”

पडवी सोडणं त्यांच्यासाठी किती मोठं होतं ते मला ठाऊक आहे. आई गेल्यापासून ते तिथेच झोपत होते. मीही काहीतरी सोडायला हवं होतं.

“जा. पण ज्येष्ठ लागायच्या आधी यायचं,” मी म्हटलं. “पावसाची वाट बघत बसायचं नाही.”

“पाऊस कशाला? पाणी बघूनच निघेन.”

“पाणी नाही. मी तिकीट पाठवीन त्या दिवशी.”

“बरं, बरं. सरकारी काम.”

भाऊबीज झाल्यावर आम्ही त्यांना निजामुद्दीनला गाडीत बसवलं. हवेत धूर होता, त्यांना खोकला येत होता, तरी सगळे डबे मोजत ते आमच्या पुढे चालत होते. नातीने त्यांना बाटलीत बदरपूरची वाळू भरून दिली. घरी वाळू कमी आहे म्हणून, असं तिचं म्हणणं. त्यांनी ती पिशवीत नीट ठेवली, हसले नाहीत.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला. खाट मागे हलवली, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, म्हणजे मला विचारायला लागू नये. मग समुद्राचं. शेवटच्या माडापासून ओल्या वाळूपर्यंत चालून आले होते.

“किती पावलं?” मी विचारलं.

मला बरं वाटावं म्हणून त्यांना एखाददुसरं पाऊल वाढवून सांगता आलं असतं.

“सोळा,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी वीस होती.”

मी बरं म्हटलं. फोन ठेवावा असं दोघांनाही वाटेना. त्यांनी फोन कानापासून दूर, पाण्याच्या दिशेने धरला असावा. जिन्यावरून ऑफिसची माणसं जेवायला खाली जात होती. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि ऐकत राहिले. लाट यायची, मग बराच वेळ काही नाही, मग पुढची. सावकाश येत होत्या.